टपालातून उगवलेली बाग

भाचीने सकाळीच बजावलं होतं, "मावशी, डम्बर्टन ओक्स दोनला उघडतं. आधी जाऊन उन्हात बसू नकोस." डम्बर्टन ओक्स म्हणजे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातली जुनी इस्टेट आणि तिची बाग. जॉर्जटाउनला मेट्रो जात नाही, म्हणून ड्यूपॉन्ट सर्कलपासून पायी निघाले. चांगला तासभर लागेल असा माझा हिशेब, पण अर्ध्या तासाच्या आतच फाटक समोर, आणि कुलूप! शेजारच्या मॉन्ट्रोज पार्कात बाक धरला आणि फोनवर या बागेची मालकीण आणि ती आखणाऱ्या बाई यांची जुनी पत्रं उघडली.

ही पत्रंच मला इथवर घेऊन आली. रॉबर्ट आणि मिल्ड्रेड ब्लिस यांनी १९२० साली ही इस्टेट घेतली आणि पुढच्याच वर्षी बिॲट्रिक्स फॅरँडबाईंना बाग आखायला बोलावलं. पण रॉबर्टसाहेब राजदूत. १९२३ला स्वीडन, मग १९३३पर्यंत अर्जेंटिना. मालकीण साता समुद्रापार आणि बाग वॉशिंग्टनच्या उतारावर, म्हणजे पायरीपासून झुडपापर्यंत सगळं टपालाने ठरायचं. फॅरँडबाई नवराबायकोची नावं जोडून 'मिलरॉब' असं लिहीत, स्वतः 'ट्रिक्स'. काही पक्कं बांधण्याआधी लाकूड-कापडाचे खऱ्या मापाचे नमुने जागेवर उभे करून बघायची त्यांची रीत. आमच्या घराचा जिना कागदावरच पास झाला होता. अजून गुडघे बोलतात.

दोनला आत शिरले. घराजवळचे बागेचे सपाट टप्पे अगदी रेखीव, आणि जसजसं खाली उतरावं तसतशी बाग सैल होत जाते. रोझ गार्डनमध्ये मात्र पाय थबकला. ब्लिस पतिपत्नीच्या अस्थी इथेच आहेत. पेबल गार्डन नंतरचं, रूथ हेवीबाईंनी आखलेलं, जुन्या टेनिस कोर्टाच्या जागेवर. गोट्यांनी रेखलेली गव्हाची पेंढी सगळे वाकून बघतात. मला ती जरा जास्तच नटलेली वाटली.

उतारवयात दोघींच्या पत्रांत रोपांबरोबर पुस्तकंही येतात. मिल्ड्रेडबाईंना बागांवरच्या जुन्या, दुर्मिळ ग्रंथांचा नाद लागला होता. फॅरँडबाईंचाही मेन राज्यातल्या आपल्या रीफ पॉइंट या घरी मोठा संग्रह होता, त्यात गर्ट्रूड जेकिल या इंग्रज उद्यानकर्तीचे विकत घेतलेले नकाशे. तिथे अभ्यासकेंद्र उभं करायचं त्यांचं स्वप्न. १९५५ला त्यांनी स्वतःच ते आवरलं आणि ग्रंथ बर्कलेच्या विद्यापीठाला दिले. इथलं दुर्मिळ ग्रंथांचं दालन १९६३ला उघडलं. फॅरँडबाई १९५९लाच गेल्या होत्या. मला हे मनातून जात नाही.

बागेसाठी मात्र त्यांनी एक वही लिहून ठेवली. १९४०ला इस्टेट हार्वर्डला दिली गेली, आता नवे माळी येणार, म्हणून कुठलं झाड का लावलं, मेलं तर तिथे काय लावावं, सगळं त्यात. १९८०ला ती छापली गेली. सासूने सुनेला स्वयंपाकघर समजावून द्यावं तसा प्रकार.

निघताना ऑरेंजरीत, म्हणजे थंडीत झाडं ठेवायच्या मोठ्या खिडक्यांच्या दालनात, डोकावले. आतल्या भिंतींवर, खिडक्यांच्या कमानींभोवती बारीक पानांचा एकच वेल, दीडशेहून जास्त वर्षांचा. जवळ जाऊन पान चिमटीत धरलं. अहो, हा तर आपल्याकडे कंपाउंडच्या भिंतीवर चढवतात तोच! फोटो काढून भाचीला पाठवला. लगेच फोन.

"कितीला पोचलीस?"

"दोनला," म्हटलं. "बरोब्बर दोनला."