ढापा कुणाच्या खात्यात बसतो?

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. आमच्याकडे अर्जात दिव्यांग शब्द दिसला की तो सरळ समाजकल्याणच्या टेबलावर, पुढे वाचतं कोण! आणि डिसेंबर २०२२ ला राज्यात वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाल्यापासून तर बाकीच्यांना अजूनच बरं झालंय, "आता त्यांचं स्वतंत्र खातं आहे ना" म्हणायचं की मोकळे.

तर मासिक आढावा बैठकीच्या दिवशी एक अर्ज फिरून फिरून परत आला. अर्जदार चाळिशीचे, व्हीलचेअरवर, गावात झेरॉक्सचं दुकान. मागणी काय तर घरासमोरच्या गटारावर ढापा (वरून जाता येईल असं झाकण) नाही म्हणून कुणी उचलल्याशिवाय खुर्ची रस्त्यावर येत नाही, मुलीच्या शाळेला पायऱ्याच आहेत म्हणून पालकसभेला ते पटांगणात बसून राहतात, आणि आरोग्य केंद्रातल्या संडासाचं दार एवढं अरुंद की खुर्ची आत जात नाही. त्यावर बांधकाम, शिक्षण, आरोग्य तिघांचा एकच शेरा, समाजकल्याणकडे वर्ग. समाजकल्याणचा शेरा, ग्रामपंचायतीने ५ टक्के निधीतून कार्यवाही करावी.

हा ५ टक्के निधी म्हणजे ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे. ऐकायला भारी वाटतं, पण समजा छोट्या गावात घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला ४ लाख जमले तर त्याचे होतात २० हजार, आणि यादीत २५ जण असले तर माणशी ८०० रुपये. मग मार्च आला की ते खात्यावर टाका नाहीतर काहीतरी वस्तू वाटा, फोटो काढा, झालं. ह्याच्यातून शाळेचा रॅम्प कसा व्हायचा?

बीडीओ (गटविकास अधिकारी) मॅडमनी त्या दिवशी अर्जदारांनाच बोलावलं होतं (हॉल तळमजल्यावर आहे हे नशीब). मॅडमनी विचारलं, "भाऊ, तुम्हाला निधी मिळाला नाही का?"

"मिळाला ना मॅडम, मागं ब्लँकेट पण मिळालं. मला निधी नको, ढापा पाहिजे."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत तसा गप्प झाला.

मग त्यांनी अर्ज वाचायला घेतला आणि दर वाक्याला थांबून एकच विचारायच्या, हे चालते-फिरते असते तर हे काम कुणाचं होतं? गटार ग्रामपंचायतीचं. शाळेची इमारत शिक्षण आणि बांधकामची. संडास आरोग्यचा. मग आता ते समाजकल्याणचं कसं झालं? कुणाकडेच उत्तर नाही. शिक्षणवाले म्हणाले तरतूद नाही, तेव्हा मला राहवलं नाही, म्हटलं साहेब २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सरकारी इमारतीसुद्धा सुगम करायला ५ वर्षांची मुदत होती, नियम आले जून २०१७ ला, म्हणजे २०२२ लाच मुदत संपली की. दर वर्षी रंगरंगोटीला तरतूद निघते ती कुठून निघते मग?

ढापा सगळ्यात सोपा निघाला. सांडपाण्याचं काम म्हणून वित्त आयोगाच्या बंधित निधीत (म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायच्या पैशात) बसवला, ग्रामसेवकाने तिथेच लिहून घेतलं आणि खरंच बसवला.

रॅम्पवर मात्र अर्धा तास गेला. कनिष्ठ अभियंता म्हणाले जोतं २ फूट, ६-७ फुटांत रॅम्प काढून देतो. हे भाऊ म्हणाले, "त्याच्यावरून मी मुलीच्या वर्गात नाही, सरळ दवाखान्यात जाईन." उतार १ ला १२ पाहिजे, म्हणजे २ फुटाला २४ फूट लांबी, आणि समोर जागा १५ फूट. शेवटी मधे सपाट टप्पा घेऊन वळवायचा ठरला, दोन्हीकडे कठडा, आणि अंदाजपत्रक शिक्षणच्या दुरुस्ती हेडखाली. मंजुरी जिल्ह्याला अडकलीय अजून.

संडासाच्या दाराचा कागद आरोग्यकडून परवा पुन्हा आमच्याकडे आला, त्याच शेऱ्यासह. मी मॅडमच्या सहीने उलट टपाली परत पाठवलाय, सोबत बैठकीच्या इतिवृत्ताची झेरॉक्स जोडून. झेरॉक्स भाऊंच्याच दुकानातून काढली, पैसे घेतले त्यांनी.