एकाखाली एक फलाट

आई लंडनला आली असताना आम्ही तिथल्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल मार्गावरच्या चान्सरी लेन स्थानकात उतरलो. परतीची गाडी शेजारच्याच फलाटावर मिळेल, असे दोघांनीही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो फलाट दुसऱ्याच पातळीवर निघाला आणि गुडघे दुखत असूनही तिला जिना चढावा-उतरावा लागला. तेव्हापासून या रचनेचे कारण मला स्वस्थ बसू देत नव्हते.

हा मार्ग 1900 साली सुरू झाला. खाजगी जमिनीखालून बोगदा नेल्यास मालकाला मोबदला द्यावा लागे, सार्वजनिक रस्त्याखालून नेल्यास तो वाचे. म्हणून बोगदे शक्य तितके रस्त्यांच्या खालूनच नेले गेले. रुळांचा बोगदा जेमतेम साडेतीन मीटर व्यासाचा असला, तरी फलाटासह तो सुमारे साडेसहा मीटरचा होतो. असे दोन बोगदे शेजारी ठेवून मध्ये पुरेशी माती राखायची, तर अरुंद रस्त्याची रुंदी अपुरी पडे. त्यामुळे चान्सरी लेन, सेंट पॉल्स आणि नॉटिंग हिल गेट येथे एक फलाट दुसऱ्याच्या खाली गेला. रुंदीची अडचण खोलीने सोडवण्याची ही युक्ती मला मनापासून आवडते; मात्र तिचा भार जिन्यांच्या रूपाने प्रवाशावर पडतो, हेही तितकेच खरे आहे.

याच मार्गावरच्या बँक स्थानकात रस्त्यांची वळणे थेट फलाटात उतरली आहेत. डबा सरळ आणि फलाट वक्र असल्याने दाराशी मोठी फट राहते, आणि लहान मुलाचा हात धरून उतरताना ती फारच रुंद वाटते.

बँकमध्येच नॉर्दर्न मार्गाचे फलाट गर्दीला अपुरे पडू लागले, तेव्हा वेगळा उपाय योजला गेला. इमारतींच्या पायांमधून वाट काढत दक्षिणेकडच्या गाड्यांसाठी नवा बोगदा खणला गेला, आणि मे 2022 मध्ये तो वापरात आल्यावर जुन्या रुळांची जागा प्रवाशांना मिळाली. जिथे जानेवारी 2022 पर्यंत गाड्या धावत होत्या, तिथे आता चालण्यासाठी रुंद मार्गिका आहे. पुढच्या खेपेला आईला मी तिथूनच नेणार आहे.