पराग आणि माइट दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे क्रॉस-रिॲक्शनच का?

ॲलर्जीच्या रिपोर्टमध्ये गवताचे पराग पॉझिटिव्ह आणि धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, तेही पॉझिटिव्ह आले, की "क्रॉस-रिॲक्शन असणार" असं हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा तसं नसतं. एकाच माणसाला दोन वेगळ्या ॲलर्जी असतात, इतकंच.

क्रॉस-रिॲक्शनसाठी दोन प्रथिनांची घडण इतकी जुळावी लागते की एकाविरुद्ध तयार झालेलं आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिद्रव्य) दुसऱ्यालाही चिकटेल. माइटची मुख्य प्रथिनं डर पी १, डर पी २ आणि डर पी २३. टिमोथी गवताच्या परागांची फ्ल पी १ आणि फ्ल पी ५. या दोन गटांत काही साम्य नाही. खरी क्रॉस-रिॲक्शन आपापल्या गोतावळ्यात होते. माइटमधलं ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतलं प्रथिन, म्हणजे डर पी १०, कोळंबी आणि झुरळातल्या ट्रोपोमायोसिनशी जुळतं. परागांमधलं प्रोफिलिन हे प्रथिन इतर झाडांच्या परागांशी आणि खरबूज, केळं, टोमॅटो अशा फळांशी जुळतं. ही फळं कच्ची खाल्ल्यावर तोंडात खाज येते ती त्यामुळेच. पॉलकॅल्सिन हे आणखी एक प्रथिन तर फक्त परागांतच सापडतं.

म्हणून रिपोर्ट वाचताना आधी चाचणी नीट झाली का ते बघा. प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर थेंब ठेवून हलकं टोचतात त्या चाचणीत, तुलनेसाठी लावलेल्या हिस्टामिनच्या ठिकाणी गांधी उठायलाच हवी आणि सलाइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) ठिकाणी उठायला नको. साधारण १५ मिनिटांनी मोजतात. सलाइनपेक्षा निदान ३ मिमी मोठी असेल तर पॉझिटिव्ह. हिस्टामिनची गांधीच उठली नाही, तर बहुधा अँटिहिस्टामिन गोळी वेळेत बंद झालेली नसते (डॉक्टर साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात) आणि मग सगळे 'निगेटिव्ह' बिनकामाचे. सलाइनलाही गांधी आली, तर नुसत्या ओरखड्याने उठणारी त्वचा असू शकते. रक्ततपासणीत ढीगभर पराग थोडेथोडे पॉझिटिव्ह आणि प्रिक टेस्ट कोरी, असं दिसलं तर वनस्पतींच्या प्रथिनांवरच्या साखरेविरुद्धचं आयजीई असण्याची शक्यता मोठी. त्याने सहसा त्रास होत नाही.

इम्युनोथेरपीचा, म्हणजे ॲलर्जीवरच्या लशीचा, विचार असेल तर प्रथिनवार तपासणी करून घ्यावी. फ्ल पी १ किंवा ५ पॉझिटिव्ह असेल तर गवताची ॲलर्जी खरी. नुसतं फ्ल पी ७ किंवा १२, म्हणजे पॉलकॅल्सिन किंवा प्रोफिलिन, पॉझिटिव्ह असेल तर गवताच्या लशीवर तीन ते पाच वर्षं घालवण्याआधी दहादा विचार करावा.

मग माइटचा त्रास असणाऱ्यांना परागांच्या हंगामात जास्त का होतं? कारण माइटमुळे नाकाचं अस्तर बारमाही सुजलेलं असतं, आणि सुजलेल्या नाकाला थोडेसे परागही पुरतात. याला प्रायमिंग म्हणतात. क्रॉस-रिॲक्शनचा संशय मुळात येतो तो इथूनच, असं माझं मत.

त्यामुळे हंगाम सुरू व्हायच्या आधीच अंथरुणाकडे वळायचं. गादी-उशीला माइटरोधक खोळ, चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली. स्टिरॉइडचा नाकातला स्प्रेही हंगामाच्या एक-दोन आठवडे आधीपासून, डॉक्टरांना विचारून; उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. गरम पाण्यात न टाकता येणारी खेळणी फ्रीझरमध्ये दिवस-दोन दिवस ठेवली की माइट मरतात, पण त्यांची प्रथिनं तिथेच राहतात, म्हणून नंतर साध्या पाण्याने तरी धुवावीच लागतात.