ड्रम चार मिनिटांनंतर येतात

माझ्या भाचीला कुकरची शिट्टी सोसत नाही. दुसरी शिट्टी होण्याच्या आत ती दोन्ही तळवे कानांवर दाबून बाल्कनीत गेलेली असते, आणि आवाज एवढा काही मोठा नाही, हे तिला पटवून देण्यात आजवर कोणालाही यश आलेले नाही. अशा मुलीला यंदाच्या सुट्टीत रॉक संगीताचे वेड लागावे, हा घरात थट्टेचा विषय झाला. मला थट्टा करण्याची सोय नव्हती, कारण काम माझ्याच गळ्यात पडले होते. "मावशी, आधी तू ऐक आणि मला सांग, किती लागतं ते," अशी तिची अट होती.

'लागणे' हे क्रियापद तिने नकळत अचूक निवडले होते. मराठीत तिखट लागते, ठेच लागते आणि सूरही लागतो. एखादे गाणे या तिन्हींपैकी कोणत्या अर्थाने लागणार आहे, हे ऐकण्याआधी कसे सांगावे, हाच तर प्रश्न होता.

प्रथम मी फोनवर आवाज मोजण्याचे अॅप घेतले. डेसिबलचे माप सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. आमच्या मिक्सरने काटा ८५च्या आसपास नेला आणि जे गाणे भाचीने अर्ध्यावर बंद करायला लावले होते, ते ७०च्याही वर गेले नाही. त्याहून गंमत म्हणजे तोच मिक्सर तिने स्वतः लावला तर ती शांतपणे चटणी वाटत उभी राहते, आणि मी लावला तर बाल्कनी गाठते. तेव्हा आकडा खोटा नव्हता, पण तो आमच्या प्रश्नाचे उत्तर देत नव्हता.

उत्तराचा काही भाग कानाच्या आतच आहे. मधल्या कानात एक अगदी छोटा स्नायू असतो, जो मोठा आवाज आला की आवळतो आणि आत जाणारा धक्का थोडा कमी करतो. पण त्याला आवळायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो, आणि ड्रमवर पडलेली काठी तेवढा वेळ थांबत नाही. आपण स्वतः बोलायला लागतो तेव्हा मात्र हा स्नायू आवाज फुटण्याच्या आधीच तयारीत असतो. मिक्सरचे बटण स्वतः दाबल्याने तो आधी आवळतो असे मी म्हणणार नाही, पण शरीराला पूर्वसूचनेची किंमत कळते, एवढे त्यावरून मला पटले.

मग मी गाणी नव्याने ऐकायला बसले, आवाजाची उंची बाजूला ठेवून फक्त त्याच्या येण्याची रीत टिपत. लेड झेपेलिन या बँडचे १९७१ सालचे 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचे आहे आणि त्यात ड्रम चार मिनिटांनंतर येतात. तोवर गिटार आणि बासरीच्या जातीची वाद्ये पायरी पायरीने चढत असतात, त्यामुळे शेवटचा गदारोळ कितीही मोठा असला तरी तो दार ठोठावून आत येतो. निर्वाणा या बँडचे १९९१ सालचे 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' याच्या उलट वागते. सुरुवातीला साधी, स्वच्छ गिटार वाजते आणि दहा सेकंद व्हायच्या आत ड्रम व खरखरीत गिटार एकदम अंगावर येतात. पुढे कडवे हळू, धृपद मोठे, पुन्हा कडवे हळू. ही हळू-मोठ्याची युक्ती आपण पिक्सीज या बँडकडून उचलल्याचे निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनने स्वतःच कबूल केले होते. पिंक फ्लॉइड या बँडने तर १९७३ साली 'टाइम' या गाण्याच्या आरंभी नुसत्या टिकटिकीनंतर असंख्य घड्याळांचे गजर एकदम वाजवले. ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्सने ती घड्याळे जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती, हे कळल्यावर मला त्याच्या चिकाटीचे कौतुक वाटले, पण भाचीसाठी मी त्या जागी वहीत लाल फुली मारली.

जे सर्वांत भयंकर असेल असे मी धरून चालले होते, ते हेवी मेटल, म्हणजे रॉकचा सर्वांत दणदणीत प्रकार, तिला सोसले, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकाच जोराने चालणारे ते वादन तिला पत्र्यावरच्या पावसासारखे वाटते, असे ती म्हणाली. अर्थात पावसालाही मर्यादा असते. मेटॅलिका या मेटल बँडचा २००८ सालचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम इतका दाबून, सगळे आवाज एकाच उंचीला आणून बाजारात आला की चाहत्यांनीच तक्रार केली, आणि त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती अधिक मोकळी असल्याचे दाखवून दिले. जाणकार मंडळी हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर जास्त असलेले मुद्रण चांगले मानतात. नाजूक कानाला मात्र त्या अंतरातच दचकण्याची भीती असते, आणि अंतर नाहीसे केले तर श्वास घ्यायला जागा राहत नाही. या पेचातून मला अजून वाट सापडलेली नाही.

आवाज कमी करून ऐक, असा सल्ला घरात सगळ्यांनी दिला. आमटी तिखट झाली म्हणून पाणी ओतावे तसे ते होते. तिखटपणा थोडा उतरतो, पण आमटीची चवच जाते. मुद्दाम खरखरीत केलेल्या गिटारमधून निघणारे वरचे स्वर दोन ते पाच हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, पट्ट्यातही पसरतात, आणि माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत जागा असतो, म्हणून आवाज कमी केला तरी त्याची धार उरते.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचा विषय मी तूर्त टाळला आहे. 'द हू' या बँडने १९७६ साली लंडनच्या चार्ल्टनमध्ये ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल भरलेल्या, सर्वांत मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाचा विक्रम केला होता. पुढे कानांच्या काळजीपोटी गिनेसने असे विक्रम नोंदवणेच बंद केले. जागतिक आरोग्य संघटनेने, म्हणजे दुसऱ्या 'हू'ने, २०२२ साली कार्यक्रमांसाठी १०० डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवली. या दोन 'हूं'मध्ये ऊर्जेचे अंतर सुमारे ४०० पट भरते.

आता आमची एक वही झाली आहे. गाण्याचे नाव, धक्का कोणत्या सेकंदाला, तो एकदम येतो की चढत येतो, आणि शेवटी तिचा शेरा. घड्याळांच्या लाल फुलीपुढे तिने परवा स्वतःच लिहिले, "आकडे मोजत ऐकलं. चाललं." मीही हल्ली मिक्सर लावण्याआधी आतून "लावते गं" असे ओरडते. थेट कार्यक्रमांच्या मुद्रणांपुढे मात्र आमची पद्धत चालत नाही, कारण गर्दीतल्या शिट्ट्यांची वेळ लिहिता लिहिता पान संपते. त्या पानावर तिने फक्त "शिट्ट्या" एवढेच लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.