स्प्रिंगफील्डच्या वाटेवर: न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांचं ब्लूमिंग्टन

शिकागोहून स्प्रिंगफील्डला लिंकन यांचं घर आणि समाधी बघायला निघालेली आपली मंडळी ब्लूमिंग्टनला थांबतात ती गाडीत तेल भरण्यापुरती. माझं आग्रहाचं सांगणं, इलिनॉय राज्यातल्या या गावात अर्धा दिवस काढा. रिपब्लिकन पक्षाच्या १८६० च्या शिकागो अधिवेशनात लिंकन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची मोट ज्यांनी बांधली, त्या डेव्हिड डेव्हिस यांचं हे गाव.

आय-५५ महामार्गाने शिकागोपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. ॲमट्रॅकची रेल्वेही येते, पण स्टेशन शेजारच्या नॉर्मलमध्ये. तिथून टॅक्सी करावी लागते.

१८७२ मध्ये बांधून झालेला त्यांचा वाडा पिवळ्या विटांचा, इटालियन धाटणीचा. आत संगमरवरी शेकोट्या, आणि त्या काळात नळाला गरम पाणी! घर माहितगाराबरोबरच बघता येतं. वेळा बदलतात, तेव्हा आधी फोन करा. वरच्या मजल्यावर जिना चढून जावं लागतं, आईवडील सोबत असतील तर हे ध्यानात असू द्या. मागची बाग त्यांच्या पत्नी सारा यांची. शक्यतो जूनमध्ये जा.

डेव्हिस मूळचे मेरीलँडचे. वकील म्हणून इथे आले, राज्याच्या विधानसभेत बसले आणि १८४८ पासून आठव्या सर्किटचे, म्हणजे अनेक गावांच्या फिरत्या न्यायालयाचे, न्यायाधीश झाले. वर्षातून दोनदा, चिखल तुडवत, न्यायाधीश आणि वकील एकत्रच गावोगाव फिरायचे. लिंकन त्यांतलेच एक. पुढे १८६२ मध्ये लिंकन यांनीच त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं.

मला हा माणूस मोठा वाटतो तो त्यानंतरच्या निकालामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इंडियानातल्या लॅम्बडिन मिलिगन या नागरिकाला लष्करी आयोगाने फाशी ठोठावली होती. नेहमीची नागरी न्यायालयं चालू असताना लष्कराला नागरिकावर खटला चालवता येणार नाही, असं १८६६ मध्ये डेव्हिस यांनी लिहिलं. असे खटले लिंकन यांच्याच सरकारने चालवले होते. आणि त्याच काळात हेच डेव्हिस दिवंगत मित्राच्या, म्हणजे लिंकन यांच्या, मालमत्तेची व्यवस्था बघत होते, तीही मोबदला न घेता! मैत्री आणि न्यायासन यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

१८७७ मध्ये न्यायालय सोडून ते सिनेटमध्ये गेले. १८८६ मध्ये वारले. एव्हरग्रीन स्मशानभूमीत त्यांचं थडगं आहे. वाड्यापासून गाडीने थोडंच अंतर.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर मेटामोरा किंवा माउंट पुलास्की गाठा. त्या सर्किटमधली जुनी न्यायालयं तिथे मूळ इमारतीत उभी आहेत. दोन्ही गावं अगदी लहान, म्हणून डबा बरोबर घ्या. शाकाहारींनी जेवण ब्लूमिंग्टनलाच उरकावं: स्टेट फार्म या विमा कंपनीमुळे इथे भारतीय वस्ती बरीच आहे, त्यामुळे डाळभात मिळतो. हिवाळ्यात बर्फामुळे आतले रस्ते अवघड होतात, तेव्हा मे ते ऑक्टोबर बरा.