तुम्ही विचारलंत म्हणून: एका पगारात घर बदलताना

घर बदलले हे कळल्यापासून कार्यालयातल्या सहकारी मैत्रिणी आणि शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या आया मला एकच प्रश्न विचारतात: एकटीचा पगार, पदरी शाळकरी मुलगी, आणि तरीही कर्ज न काढता हे कसे जमवलेत? घाईत दिलेल्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहत होतो. फेब्रुवारीत घरमालकांनी सांगितले की इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि घर रिकामे करावे लागेल. अशा वेळी विकसक सदनिकाधारकांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडे देतो, परंतु त्यांच्या भाडेकरूला त्यातले काही मिळत नाही. त्याच्या वाट्याला येते ती फक्त करारातली महिन्याभराची नोटीस. पुण्यात जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात असताना या भाडेकरूंचा विचार कोणाच्याच हिशोबात नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलीची परीक्षा होईपर्यंत, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत, राहू द्यावे अशी विनंती मी केली आणि मालकांनी ती मान्य केली. ते दोन महिने मिळाले नसते तर पुढचे काहीच शक्य झाले नसते.

माझा हातात येणारा पगार अडतीस हजार. जुन्या घराचे भाडे १२,००० आणि डिपॉझिट ३६,००० होते. नव्या घराचे भाडे १४,००० आणि डिपॉझिट तीन भाड्यांचे, म्हणजे ४२,०००. दलालामार्फत घर घेतले असते तर त्याला एक भाडे, मालकाला पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, कराराचे सुमारे दोन हजार, टेम्पो आणि हमालीचे पाच हजार, असे मिळून एकाच महिन्यात ७७,००० रुपये बाहेर पडणार होते. हे कागदावर मांडल्यावर माझ्या लक्षात आले की खरी अडचण रकमेपेक्षा तारखांची आहे. जुने डिपॉझिट घर सोडल्यावर मिळते आणि नवे मात्र घरात पाऊल ठेवण्याआधी द्यावे लागते. स्वतःचाच पैसा दोन घरांच्या मध्ये अडकून पडतो. दोन पगारांच्या घरात हा मधला महिना कसाबसा निभावतो, एका पगारात निभावत नाही. म्हणून काटकसरीच्या आधी मी तारखा हलवण्याच्या मागे लागले, आणि जे मला विचारतात त्यांनाही मी हेच करायला सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या मालकांना मी लेखी विनंती केली की एप्रिलचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घ्यावे. त्यांचा त्यात काही तोटा नव्हता आणि माझ्या हातात त्याच महिन्यात १२,००० रुपये मोकळे राहिले. घर सोडताना रंगरंगोटीसाठी पैसे कापण्याची पद्धत सर्रास आहे, पण जी इमारत पाडलीच जाणार आहे तिच्या रंगाचे पैसे कशासाठी, हेही मी त्याच पत्रात नम्रपणे विचारले आणि उरलेले डिपॉझिट किल्ली परत करण्याच्या दिवशीच मिळावे असे ठरवून घेतले. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या मालकांकडे डिपॉझिटचे दोन हप्ते मागितले: अर्धे करार करताना, अर्धे महिन्याभराने. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण पगाराच्या पावत्या आणि आधीच्या भाड्याच्या बँकेतल्या नोंदी दाखवल्यावर तयार झाले. हे दोन्ही हप्ते तारखांसह करारात लिहून घेतले.

तिसरी गोष्ट भिशीची. आमच्या कार्यालयात बारा जणींची, दरमहा दोन हजारांची भिशी आहे, आणि एप्रिल महिन्यात जिचा नंबर होता तिने तो मला दिला, मी माझा पुढचा तिला दिला. वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्या बायकांमध्येच हे शोभते. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या मोठ्या भिशीत एकट्या बाईने पैसे गुंतवू नयेत, कारण ते बुडाले तर दाद मागायला हातात कागद नसतो. ज्यांच्याकडे भिशी नाही पण टपाल खात्यातले आवर्ती ठेवीचे खाते आहे, त्यांना बारा हप्ते भरून वर्ष झाल्यावर शिलकीच्या निम्म्या रकमेपर्यंत त्याच खात्यावर कर्ज मिळते. क्रेडिट कार्डावरून रोख काढण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते, आणि ठेवही मोडावी लागत नाही.

घर शोधताना दलाल टाळता आला तो शाळेतल्या पालकांमुळे. कोणाच्या इमारतीत घर रिकामे होणार आहे, हे फलक लागण्याच्या आधी शेजाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून मी भेटेल त्याला सांगून ठेवले होते. नऱ्ह्याला ११,००० रुपयांत याहून मोठे घर मिळत होते. मात्र तिथून शाळेची व्हॅन महिन्याला बाराशेने महाग, माझ्या दुचाकीचे पेट्रोल सुमारे आठशेने जास्त, आणि मला घरी पोहोचायला उशीर होणार म्हणून पाळणाघराचे पंधराशे वाढीव. म्हणजे तीन हजार वाचवून साडेतीन हजार घालवायचे होते. शिवाय मूल आजारी पडल्याचा फोन शाळेतून आला तर धावणारे माणूस मी एकटीच आहे, ही बाब कोणत्याही रकान्यात बसत नसली तरी माझ्यासाठी सर्वांत मोठी होती. म्हणून चौदा हजारांचे वारज्यातले लहान घर घेतले.

घरे पाहताना एका ठिकाणी मला विचारले गेले, ‘घरात पुरुष माणूस कोण असणार?’ आणि दुसऱ्या ठिकाणी भावाला समोर आणा असे सांगितले गेले. भाडे मी देणार, सही मी करणार, मग भावाची हजेरी कशाला, असे मी तिथेच म्हटले. अशा घरी अगतिक होऊन राहू नये, कारण उद्या नळ बिघडला तरी ते तुमच्याऐवजी भावाशीच बोलतील.

कराराबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी केला की पुरे’ हे बोलणे चुकीचे आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक डिपॉझिटवरील वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का इतके असते. माझ्या बाबतीत अकरा महिन्यांचे भाडे १,५४,००० आणि डिपॉझिटवरील व्याज सुमारे ३,८५०, म्हणून शुल्क चारशेच्या आत आले; महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार, आणि किरकोळ खर्च वेगळा. एवढ्या खर्चात डिपॉझिट किती दिले आणि ते कधी परत मिळणार याचा पक्का पुरावा हाती येतो, आणि एका पगाराच्या घरात ४२,००० रुपये ही वर्षांची बचत असते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते ते भाड्यात धरले आहे की वेगळे मागणार, हेही सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. शासनाच्या नियमानुसार ते सोसायटीच्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

एप्रिलमध्ये मी महिन्याचे वाणसामान भरलेच नाही. प्रत्येक डबा उघडून त्यात काय उरले आहे ते वहीत लिहिले आणि त्याप्रमाणे स्वयंपाक ठरवला: तळाशी राहिलेल्या कुळथाच्या पिठाचे पिठले, मटकीची उसळ, भगर आणि दाण्याची आमटी, शेवटच्या आठवड्यात उरलेल्या सगळ्या डाळींची एकत्र दळून केलेली धिरडी. फक्त दूध, भाजी आणि तेल विकत आणले. किराण्याचे अडीच हजार वाचले, आणि सामान हलवताना डबे रिकामे असल्यामुळे कपबश्या आणि काचेच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळून त्यांच्यातच भरता आल्या. खोकी औषधांच्या दुकानातून फुकट मिळाली. टेम्पो महिनाअखेर आणि रविवार टाळून मधल्या वारी ठरवला आणि दर ठरवतानाच दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे की नाही, आणि कपाट सुटे करावे लागेल का हे सांगितले, त्यामुळे दारात सामान उतरल्यावर हमालीवरून घासाघीस झाली नाही. गॅसच्या बाबतीतही विनाकारण खर्च होतो: त्याच शहरात वितरक बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करावे लागत नाहीत, फक्त जोडणी वर्ग करून घ्यायची असते.

मुलीपासून मी हिशोब लपवला नाही. ती पाचवीत आहे आणि तिला बेरीज-वजाबाकी येते. या दोन महिन्यांत कोणते खर्च थांबतील आणि कोणते थांबणार नाहीत हे आम्ही दोघींनी बसून लिहिले, आणि तिचा चित्रकलेचा वर्ग न थांबणाऱ्या खर्चांत ठेवला. आईच्या अडचणीत मुलाची एक तरी गोष्ट जशीच्या तशी चालू राहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता शेवटचा हिशोब सांगते. दलाली वाचली आणि डिपॉझिट अर्धेच द्यायचे होते, त्यामुळे सत्त्याहत्तर हजारांचे बेचाळीस झाले. घरभाडे वळते केल्यामुळे पगारातून घरखर्चाचे वीस हजार जाऊन अठरा उरले, आणि भिशीचे चोवीस मिळून रक्कम भरली. किराण्यात वाचलेले अडीच हजार आजारपणासाठी बाजूला ठेवले. किल्ली परत केली त्या दिवशी विजेच्या मीटरचा फोटो काढून शेवटचे बिल डिपॉझिटमधून वजा करून घेतले आणि सुमारे तेवीस हजार हाती आले. त्यातले एकवीस नव्या मालकांचा दुसरा हप्ता म्हणून राखून ठेवले आणि ठरल्या तारखेला बँकेतून पाठवले. उरलेल्या दोन हजारांतून जूनमध्ये लागणारा गणवेश आणि वह्या आल्या. भिशीचे हप्ते पुढे चालूच आहेत.