मासेमारीच्या बोटींचा माग काढायला शिकले, माझा अनुभव

समुद्रातून नक्की किती मासळी उपसली जाते यावर कुणाचं लक्ष असतं की नाही, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता, शेवटी ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा उघडला, जगभरातल्या मासेमारी बोटी कुठे फिरतात ते दाखवणारा. फुकट आहे. पहिले दोन दिवस नुसते ठिपकेच ठिपके, काही म्हणजे काही कळेना.

मग एकच ट्रॉलर, म्हणजे पाण्यातून जाळं ओढत नेणारी बोट, धरला आणि त्याच्याच मागे लागले. जहाजं आपली जागा, वेग, दिशा सांगत राहतात ते एआयएस, आणि ते खरं तर धडक टाळायला बनवलेलं, मासेमारीसाठी नाहीच. पण वेग बघितला की सगळं उलगडत जातं. बंदरातून निघताना सरळ रेष, १० नॉट (नॉट म्हणजे जहाजाचा वेग मोजायचं एकक). मग एकदम ३-४ नॉटवर आला आणि तिथल्या तिथे येरझाऱ्या, तासन् तास, वळला की परत तेच. आत्ता जाळं खाली आहे हे त्या रेषेवरून कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. लाँगलाइनवाल्यांचं वेगळं, गळांची दोरी सोडताना जोरात जातात, ओढताना हळू.

चुकले ते पुढे. एका बोटीचा सिग्नल १४ तास गायब, मी ठरवूनच टाकलं की मुद्दाम बंद केला. यातल्या एका जाणकारांना दाखवलं तर म्हणाले, आसपास गर्दी किती आहे ते बघितलंत का? भर समुद्रातले हे सिग्नल उपग्रह ऐकतो, आणि तो एका वेळी केवढा तरी मोठा पट्टा ऐकतो, त्यात जहाजं जास्त झाली की सिग्नल एकमेकांवर आदळतात आणि काही हरवतात.

मग रडारकडे वळले. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाला ढग असो, रात्र असो, बोट दिसते. २०२४ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रडार आणि एआयएस जुळवून बघितलं तर जगातल्या सुमारे ७५ टक्के औद्योगिक मासेमारी बोटी सार्वजनिक ट्रॅकिंगमध्ये दिसतच नव्हत्या! त्या सगळ्या चोर नाहीत हं, कितीतरी बोटींना एआयएस सक्तीचंच नाही. म्हणून देशांनी स्वतःचा व्हीएमएस डेटा, म्हणजे सरकारकडे असलेली बोटींच्या ठावठिकाण्याची नोंद, खुला करणं मला फार महत्त्वाचं वाटतं, इंडोनेशियाने २०१७ मध्ये केला तेव्हा हजारो बोटी नकाशावर आल्या.

माझ्या बोटीसाठी मात्र रडारचा उपयोग झाला नाही, ते मुख्यतः किनाऱ्याकडचा भाग टिपतं आणि ही होती भर समुद्रात. १४ तासांनी परत दिसली तेव्हा वेग ९ नॉट, सरळ रेष. मधल्या तासांपुढे वहीत "माहीत नाही" एवढंच लिहिलंय.